पडद्याकडे तोंड करून

१

चाहूल रोज कामावर जायची आणि दिवसभर जागच्या जागी चालायची. पगार त्याचाच होता.

स्टुडिओच्या जमिनीत चौकोनी खड्डे केलेले होते. एकात खडी, एकात वाळू, एकात फळ्या, एकात दगडी लाद्या. समोर मोठा पडदा. पडद्यावरचा माणूस ज्या जमिनीवरून चालत असेल, त्या खड्ड्यात तिनं उभं राहायचं आणि त्याच्या पावलात पाऊल मिसळायचं. तो धावला की धावायचं, थांबला की थांबायचं. सिनेमात आपल्याला जी पावलं ऐकू येतात ती नटाची नसतात, अशाच कुणाची तरी असतात, हे लोकांना सांगितलं तरी पटत नाही. न पटू दे. खलनायक, नर्तिका, घोडा आणि एकदा तर भूत, सगळ्यांची पावलं तिनं दिली होती. "भुताला पावलं कशाला हवीत?" असं तिनं विचारलं तेव्हा दिग्दर्शक म्हणाला होता, "नाहीतर ते आलं हे कळणार कसं?"

काचेपलीकडे बसून आवाज टिपणारा जाडजूड माणूस स्वतःला कानसेन म्हणवून घ्यायचा. तानसेन होणं जमलं नाही, म्हणून. चाहूल हे नाव त्याचंच. ते इतकं चिकटलं की पगाराच्या दिवशी खरं नाव पुकारलं तरी ती क्षणभर बसूनच राही.

खोलीच्या एका भिंतीला बुटांचं कपाट होतं. जुन्या बाजारातून आणलेले बूट, सपाता, टाचांच्या चपला. कपाटाबद्दल कानसेनचा एकच नियम होता. "घरचे बूट इथं आणायचे नाहीत. ओळखीचा आवाज कानाला फसवतो. मग तू पडद्यावरच्या माणसाला नाही, घरच्या माणसाला ऐकत बसतेस."

चाहूलनं हा नियम कधी मोडला नव्हता. फरारी येईपर्यंत.

२

एका वाहिनीनं जुनी मालिका धुऊनपुसून पुन्हा दाखवायची ठरवली होती. चित्र शाबूत होतं, संवाद शाबूत होते, पण पावलं, दारं, भांडी असल्या आवाजांची टेप बुरशीनं खाल्ली होती. ते सगळे आवाज नव्यानं भरायचे होते. कानसेननं पहिला भाग लावला आणि पडद्यावर ओल्या फरसबंदीवरून धावणारे दोन पाय दिसले. चाहूलनं त्या पायांवरूनच मालिका ओळखली.

मालिकेचं नाव घ्यायची त्या काळी कुणाला गरज पडत नसे. "फरारी लागलं का?" एवढंच विचारायचे. नायक घड्याळं दुरुस्त करणारा. भागीदाराच्या खुनाचा आळ त्याच्यावर येतो, साक्षीदार मिळत नाही, म्हणून तो पळतो. दर आठवड्याला नवं गाव, नवं नाव, कुठल्यातरी कोपऱ्यात काम. तिथल्या कुणाचं तरी भलं करतो आणि पोलीस वेशीपाशी आले की पुन्हा निघतो. दर आठवड्याला शेवटी तो पाठमोरा चालत जायचा, आणि दर आठवड्याला बायका पदरानं आणि पुरुष घसा खाकरून डोळे पुसायचे.

हे सगळं व्हायचं चाहूलच्याच घरात. तेव्हा साऱ्या इमारतीत टीव्ही एकच होता, तिच्या दादानं आणलेला. त्या संध्याकाळी खोलीत मुंगीला शिरायला जागा नसे. पोरं जमिनीवर, बायका पलंगावर, वरच्या मजल्यावरचे काका एकुलत्या एका खुर्चीत. दादा मात्र दारात उभा राहून बघायचा. घर त्याचं, टीव्ही त्याचा आणि उभा तोच. त्याचे कामाचे बूट करकरायचे. अंगाचा भार या पायावरून त्या पायावर टाकला की कर्र व्हायचं आणि पोरं मागे न बघताच ओरडायची, "दादा, गप्प!"

"काय बिचाऱ्याचा छळ," वरचे काका बोटातली अंगठी खुर्चीच्या हातावर टिकटिक आपटत म्हणायचे. "एक माणूस पुढे येत नाही! एक! माणसं आहेत की दगड?"

काकांचे हे शब्द चाहूल विसरू म्हटलं तरी विसरू शकली नसती.

३

काय झालं ते थोडक्यातच सांगावं, कारण सविस्तर सांगायला बसलं की रक्त उकळतं.

इमारतीतली झाडून सगळी माणसं एकाच कारखान्यात कामाला होती. एका संध्याकाळी, फरारी चालू असताना, कारखान्याचं रंगाचं गोदाम पेटलं आणि आतला पहारेकरी जळून गेला. गोदामाची किल्ली दादाकडे असे. मालकाच्या माणसांनी त्याचं नाव घेतलं. आग लागली तेव्हा दादा घरात होता. दारात, खोलीभर शेजाऱ्यांच्या पाठीशी उभा होता. साक्षीदार हवेत तर खोलीभर होते.

फौजदार खोलीत आला, दादाला जागेवर उभा करून त्यानं एकेकाला विचारलं. सगळ्यांचं उत्तर जणू पाठ करून आलेलं. "साहेब, आम्ही पडद्याकडे तोंड करून बसलो होतो. मागे कोण उभं होतं, होतं की नव्हतं, आम्हाला काय ठाऊक?" वरच्या काकांनी तर स्वतःच्या पायांकडे बघत हे सांगितलं. का, ते उघड होतं. मालकाचं मीठ खाल्लेलं. पण मीठ दादानंही खाल्लं होतं आणि पाणी त्याच्या घरचं या सगळ्यांनी प्यायलेलं होतं, त्याचं काय?

चाहूल तेव्हा फ्रॉकात होती. ती पुढे होऊन म्हणाली, "दादा होता. त्याचे बूट वाजत होते. मी ऐकलं."

"पाहिलंस का?"

तिनं पाहिलं नव्हतं. तीही पडद्याकडेच तोंड करून बसलेली.

फौजदार हसला. "बुटांची साक्ष चालत नाही, बाळ."

उद्या सकाळी चौकीवर ये, असं दादाला सांगून तो गेला. पहाटे आईला जाग आली तेव्हा दादाचं अंथरूण रिकामं होतं. बूट मात्र पलंगाखाली जागच्या जागी होते. जिन्यात वाजतील, शेजारी जागे होतील, म्हणून तो अनवाणी गेला होता. इतक्या वर्षांत आईनं सगळं पचवलं, पण पोरगा अनवाणी गेला हे तिला पचलं नाही.

"कर नाही त्याला डर कशाला?" वरचे काका जिन्यात म्हणाले. "पळाला म्हणजे केलंच त्यानं." बाकीच्यांनी माना डोलावल्या.

आणि पुढच्या आठवड्यात त्याच सगळ्यांनी दार वाजवलं. हातात आपापली बसकरं. काकांनी विचारलं, "वहिनी, टीव्ही लावताय ना? फरारी आहे आज."

आईनं दार लावून घेतलं. टीव्हीवर कापड टाकलं ते कायमचं. त्यानंतर त्या पडद्यावर उजेड पडला नाही.

४

आगीच्या संध्याकाळी लागलेला भाग स्टुडिओत आला तो एका साध्या दुपारी. चाहूलनं पहिलं दृश्य बघताच ओळखला. फरारी एका घराच्या दारात येऊन उभा राहतो, आत माणसं जेवत असतात, त्याला कुणी बघत नाही. बराच वेळ तो नुसता उभा असतो.

दुसऱ्या दिवशी तिनं पिशवीतून दादाचे बूट आणले.

आई ते दर रविवारी पॉलिश करायची, त्यामुळे कातडं अजून मऊ होतं. चाहूलनं पुढे कापूस कोंबला आणि पाय घातले. हा माणूस निदान माझ्या भावाच्या पायांनी तरी चालू दे, असं तिच्या मनात होतं. तिला राग आला होता. नुसता ज्याच्यामुळे जेवण जात नाही तसला नव्हे. नियम मोडायला लावतो तसला.

"नवे बूट?" कानसेननं काचेपलीकडून विचारलं.

"जुनेच आहेत."

फरारी फळ्यांवरून चालत आला, चाहूल फळ्यांवरून चालत आली. तो दारात थांबला, ती थांबली. आता दृश्य संपेपर्यंत हलायचं नव्हतं. ती हलली नाही. श्वासही तिनं बेतानं घेतला.

कानसेननं ऐकवलं. पावलं आली, थांबली. मग शांतता. आणि मग, कर्र.

"भार बदललास," तो म्हणाला.

"नाही बदलला."

"कर्र झालं की नाही?"

"झालं. पण मी नाही केलं."

पुन्हा केलं. पुन्हा तेच. या खेपेला कर्र थोडं उशिरा आलं, आणि चाहूलच्या मागून आलं. माइक तिच्या पुढे होता. पुढचं आणि मागचं कानसेनला कळत नसेल तर जगात कुणालाच कळत नाही.

"जुन्या टेपांवर असं व्हायचं," तो मान खाजवत म्हणाला. "टेप गुंडाळली की शेजारच्या वेढ्यातला आवाज या वेढ्यावर उतरायचा. पुढचं आधी ऐकू यायचं, मागचं नंतर."

"आपण टेपवर कुठं टिपतोय?"

"तेच म्हणतोय," कानसेन म्हणाला आणि चहा सांगायला उठला.

चाहूल खड्ड्यात तशीच उभी राहिली. कातडं तापतं, निवतं, त्यानं करकरतं, असं तिनं स्वतःला समजावलं. लाकूड बोलतं, इमारत बसते, पाइप फुगतात. समजावण्यात तिची अक्कल कामाला लागली होती, पण मानेवरचे केस काही तिचं ऐकेनात.

५

प्रत्येक दृश्याखाली घालायला खोलीची शांतता लागते. शांतता म्हणजे काही नसणं नव्हे. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, आणि ती वेगळी टिपून घ्यावी लागते. सगळ्यांनी बाहेर जायचं, दार लावायचं आणि रिकाम्या खोलीला थोडा वेळ ऐकायचं.

चाहूलनं बूट काढून फळ्यांवर ठेवले आणि ती काचेपलीकडे येऊन कानसेनशेजारी बसली. त्यानं हेडफोन लावले, बटण दाबलं. आत कुणी नव्हतं. काचेतून दिसत होतं, कुणी नव्हतं.

थोड्या वेळानं कानसेनच्या चेहऱ्यावरचा मिश्कीलपणा गेला. त्यानं डोळे मिटले. कान लावून ऐकायचं असलं की तो डोळे मिटायचा.

"ही आपली खोली नाही," तो हळूच म्हणाला.

"म्हणजे?"

"आपली मोठी आहे. ही लहान आहे. छत खाली आहे. आणि..." त्यानं हेडफोन कानांवर दाबले. "भरलेली आहे गं. माणसं बसली आहेत. श्वास आहेत. लहान पोरं आहेत पुढे."

तिनं त्याच्या डोक्यावरून हेडफोन जवळजवळ ओढून घेतले.

कुणी बोलत नव्हतं. पण न बोलणाऱ्या माणसांचाही आवाज असतोच. पलंगाची स्प्रिंग. बांगड्यांचा किणकिणाट, मग कुणीतरी त्या दाबून धरल्या. नाक ओढणं. कुणाचा तरी दाबलेला खोकला. डावीकडे, बरोबर जिथं खुर्ची असायची तिथं, लाकडावर धातू. टिक. टिक. टिक. आणि सगळ्यांच्या मागे, दूर, दाराच्या अंतरावर, या पायावरून त्या पायावर भार टाकल्याचा आवाज.

कर्र.

चाहूल रडली नाही. तिच्या तोंडून शिवी बाहेर पडली. "बघा! बघा, हरामखोरांनो, होता की नाही!"

"पुसून टाकू हे," कानसेन म्हणाला. त्याचा हात बटणाकडे गेला होता.

तिनं त्याचं मनगट धरलं. "हात लावायचा नाही. इतकी वर्षं सगळ्यांनी पुसलंच आहे."

त्यानं हात मागे घेतला. पण त्या दिवसानंतर खड्ड्यांच्या खोलीत तो एकटा जाईना.

६

घरी आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून होती. तिला आता उजेड आणि सावली एवढंच दिसायचं, पण पलंगाखालचं रिकामं तिला हातानं कळलं होतं.

"बूट कुठं नेलेस?"

"कामाला नेले होते. आणलेत परत."

आईनं पिशवीतून ते काढून घेतले, तळव्यानं पुसले. "हे इथंच असू देत गं. तो येईल तेव्हा लागतील."

"आई, इतक्या वर्षांनी?"

"एकानं तरी म्हणू दे, होता म्हणून. मग येईल तो. एकानंही म्हटलं नाही तर कुठल्या तोंडानं यायचं पोरानं?" आई हे तक्रारीच्या सुरात म्हणत नसे. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं म्हणायची. चाहूलला त्याचाच जास्त संताप यायचा. ज्यानं काही केलं नाही त्यानं तोंडाचा विचार करायचा, आणि ज्यांनी केलं ते वरच्या मजल्यावर मऊ उशीला टेकून पेपर वाचत होते.

स्टुडिओतली ती शांतता भरून घेतलेलं छोटं यंत्र आणि हेडफोन घेऊन ती जिना चढली.

वरचे काका आता खूप म्हातारे झाले होते. बायको गेली, मुलं दूर. पण अंगठी होती आणि खुर्चीच्या हातावर ती आपटायची सवयही. टीव्ही मोठ्यानं चालू होता. काकांनी तो बंद केला नाही.

"काय गं, आज वाट चुकलीस?"

"काका, एक ऐकायचं आहे. कामातलं आहे."

तिनं हेडफोन त्यांच्या कानाला लावले. काका आधी कौतुकानं हसले. मग अंगठी थांबली. कानातली टिकटिक चालूच होती आणि बोटातली थांबलेली, हे काकांच्या डोळ्यांत तिला स्पष्ट दिसलं. त्यांनी हेडफोन असे काढले जणू ते तापले होते.

"कसलं भरलंयस हे?"

"तुम्हीच सांगा. कुणाची खोली आहे? कोण बसलंय खुर्चीत? मागे कोण उभं आहे?"

"आम्ही पडद्याकडे..."

"तोंड करून बसला होता. पाठ आहे मला. माझ्या आईच्या समोर येऊन म्हणा. तिला दिसत नाही, घाबरायचं कारण नाही."

काकांचा अहंकार म्हातारा झाला नव्हता. "भितो की काय मी कुणाला? चल," ते काठी शोधत म्हणाले. "त्या वेळी जे सांगितलं तेच आजही सांगेन. खोटं बोलायची सवय नाही मला."

७

ती फरारीचीच वेळ होती, दिवेलागणीच्या थोडी आधी. खोलीत अजून बाहेरचा उजेड होता. चाहूलनं खुर्ची तिच्या जुन्या जागी ओढली, काकांना बसवलं आणि टीव्हीवरचं कापड काढलं. काच धुळीशिवाय निघाली. आई ती कापडाखालून पुसत असली पाहिजे.

"याला आता काय लावणार तू?" काकांनी विचारलं. "जळून गेला असेल केव्हाच."

"लावत नाहीये. बसा नुसते."

दादाचे बूट तिनं दाराच्या चौकटीत ठेवले, टाचा जिन्याकडे करून, आणि दार उघडंच ठेवून ती टीव्हीसमोर जमिनीवर बसली. लहानपणी बसायची तिथंच. बूट तिथं का ठेवले, हे तिला विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. तिला वाटलं होतं, काकांनी बुटांकडे बघावं. त्यांना लाज वाटावी. एवढंच.

आई स्वयंपाकघरात होती. भांड्यांचा आवाज थांबला.

"बोला," चाहूल म्हणाली. "होता की नव्हता?"

"मागे काय चाललंय ते मी..."

कर्र.

काकांचं वाक्य तुटलं. ते वळले नाहीत. चाहूलही वळली नाही, आणि न वळता तिच्या लक्षात आलं की त्या संध्याकाळीही ती अशीच होती. ऐकून गप्प बसलेली. नुसती मान फिरवली असती तर "पाहिलंस का?" या प्रश्नाला उत्तर देता आलं असतं. आता फिरव, ती स्वतःला म्हणाली. मान फिरेना.

जिन्यात कुणी आलं असेल. वारा असेल. बूट लाकडावर आहेत, लाकूड बोलतं.

तिची नजर समोर होती. बंद टीव्हीची काच काळी आणि फुगीर, आणि तिच्यात अख्खी खोली होती. लहान, वाकडी, पण अख्खी. पलंग होता. खुर्ची आणि काकांचं टक्कल होतं. पुढे ती स्वतः. आणि सगळ्यांच्या मागे दाराची उजळ पट्टी होती, आणि त्या पट्टीत कुणीतरी एक हात चौकटीला लावून उभं होतं. चेहरा काचेच्या वळणात ताणला गेला होता, तो ओळखता येत नव्हता. पाय मात्र स्वच्छ दिसत होते. ते अनवाणी होते.

चाहूलला एकदम कळलं. त्या काळी दोन दृश्यांच्या मधे पडदा क्षणभर काळा व्हायचा. जाहिरातीआधी व्हायचा. प्रत्येक वेळी ही काच अशीच भरायची. मागे वळून बघायची कुणाला गरजच नव्हती. पडद्याकडे तोंड करून बसलेल्यांनाच तर तो दिसत होता. सगळ्यांना. पोरांचं लक्ष पुढच्या दृश्याकडे असेल, पण मोठ्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं, आणि ठाऊक असून त्यांनी तेच वाक्य ढाल म्हणून पुढे केलं.

"दिसायचा ना?" तिचा आवाज तिलाच परका वाटला. "दर वेळी पडदा काळा झाला की दिसायचा."

काका काचेकडे बघत होते. त्यांच्या हनुवटीवर लाळ आली होती आणि ती पुसायचं त्यांना भान नव्हतं.

"असाच," ते म्हणाले. "असाच हात लावून. मला त्यानं पाणी आणून दिलं होतं गं, मधेच. पेला माझ्या हातात होता."

"मग का नाही बोललात?"

"कुणीच बोललं नाही."

"मी बोलले होते! मी फ्रॉकात होते आणि मी बोलले होते!"

कर्र. काचेतली आकृती हलली नव्हती. आवाज मात्र जवळून आला होता.

"आता सांगितलं ना," काका रडकुंडीला आले. "सांगितलं की मी. त्याला जायला सांग."

८

आई स्वयंपाकघराच्या दारात आली होती. तिला सावल्या दिसायच्या. तिनं खुर्चीकडे पाहिलं नाही, मुलीकडे पाहिलं नाही. मान बाहेरच्या दाराकडे होती.

"मला ऐकू नाही आलं," ती म्हणाली. "मोठ्यानं म्हणा."

"वहिनी..."

"घर भरलेलं असताना 'ठाऊक नाही' म्हणालात. आता जिन्यात ऐकू जाईल असं म्हणा."

काकांनी डोळे घट्ट मिटले आणि ओरडले, "होता! दारात होता! घरातच होता तो!"

आवाज जिन्यातून वरपर्यंत गेला. कुठंतरी एक दार किलकिलं झालं आणि पुन्हा लागलं. त्या संध्याकाळी खोलीत असलेली बरीच माणसं त्या इमारतीत अजून राहत होती. म्हातारी झाली होती, पण राहत होती.

मग कातड्यात पाय सरकवल्याचा आवाज आला. एक. थोड्या वेळानं दुसरा. चाहूलनं आयुष्यभर तोच धंदा केला होता. पाय बुटात जाताना टाच आधी अडते, मग बसते. ती ऐकत राहिली. काचेकडे बघायचं धाडस तिच्यात उरलं नव्हतं.

पावलं वाजू लागली. ती खाली गेली नाहीत. वर गेली, सावकाश, एकेक पायरी पूर्ण भार टाकून, जिन्याची अजिबात पर्वा न करता. काकांच्या मजल्यावर पोचली आणि त्यांच्या शेजारच्या दारापुढे थांबली. कर्र. या पायावरून त्या पायावर. कुणीतरी आतून टीव्ही बंद केला. मग आतून एका बाईचा म्हातारा आवाज एकच शब्द म्हणाला, काकांचाच, आणि पावलं पुढच्या दाराकडे वळली.

काका खुर्चीतून उठेनात. वर जायचा जिना तोच होता.

चाहूलनं मान वळवली. दार उघडं होतं. चौकटीत बूट नव्हते.

ती उठून दार लावायला निघाली तेव्हा आईनं तिचा हात धरला. आईचा हात गरम होता आणि पकड घट्ट होती.

"लोटू नकोस. सगळ्यांकडे जाऊन येईल तो."

वर दुसऱ्या दारापुढे पुन्हा कर्र झालं. सगळी इमारत ते ऐकत होती आणि एकही माणूस बाहेर येत नव्हता.

"बूट घातलेत ना त्यानं?" आईनं विचारलं.

"हो, आई."

"मग वाजू देत."